धुऱ्यावरचं तण, निळ्या कागदावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात शिकवते. शाळेच्या मुलांबरोबर आणि उन्हाळ्याच्या सुटीत मोठ्यांबरोबरही झाडापाल्याचे निळे ठसे काढते. अकोला, यवतमाळ, भंडाऱ्याकडून सतत प्रश्न येतात, आणि बरेचसे तेच ते असतात. म्हणून एकदाच सगळे मांडून ठेवले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एकाच गोष्टीचं उत्तर दोन ठिकाणी दिलेलं नाही, त्या जागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, हा निळा फोटो म्हणजे नेमकं काय? कॅमेरा लागतो का?

नाही लागत. कागदावर लोहाच्या क्षारांचं द्रावण फासायचं, अंधाऱ्या खोलीत वाळवायचं, वर पान ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. जिथे ऊन लागलं तिथला कागद गडद निळा होतो आणि पानाखालचा पांढरा राहतो. म्हणजे ही पानाची सावलीच, फक्त कागदावर कायमची बसलेली. ठसा पानाच्याच मापाचा येतो, लहान-मोठा करता येत नाही.

या पद्धतीला सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली ती शोधली. पुढे इंजिनिअर लोक नकाशांच्या प्रती याच पद्धतीने काढू लागले, आणि ‘ब्ल्यूप्रिंट’ हा शब्द तिथूनच आला.

२. झाडांचे असे फोटो सगळ्यात आधी कोणी काढले?

‘काढले’ आणि ‘टिकवले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८०२ साली टॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी चांदीच्या क्षाराने भिजवलेल्या कागद-कातड्यावर पानं आणि किड्यांचे पंख ठेवून ठसे घेतल्याचं छापलं. पण ते ठसे पक्के करण्याची युक्ती त्यांना सापडली नाही. उजेडात आणले की काळे पडायचे.

मग विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट. त्याने १८३४ च्या सुमारास मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर चांदीचा क्षार लावून पानं, फुलं, लेस यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली आणि १८३९ च्या जानेवारीत ते जगापुढे ठेवले. टॅलबट स्वतः वनस्पतींचा जाणकार होता. छायाचित्रणाच्या अगदी पाळण्यातच पान येऊन बसलं, ते काही योगायोगाने नाही. पान सपाट असतं, हलत नाही आणि फुकट मिळतं.

निळ्या ठशांचं आख्खं पुस्तक मात्र एका बाईने केलं. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स (१७९९–१८७१). ब्रिटनच्या किनाऱ्यावरल्या शेवाळांच्या ठशांचा पहिला भाग तिने १८४३ च्या ऑक्टोबरात वाटला. टॅलबटच्या प्रसिद्ध पुस्तकाचा पहिला भाग १८४४ साली आला. म्हणून छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक तिचं, असं मानलं जातं. कोणी वाद घालतात, की तिचं पुस्तक विक्रीला नव्हतं, ओळखीच्यांना दिलेलं होतं. असेल. पण पुस्तक ते पुस्तक.

३. तिने शेवाळच का घेतलं? फुलं जास्त छान दिसली असती ना?

कारण तिला अडचण शेवाळाची होती. विल्यम हार्वीचं ब्रिटिश शेवाळांवरचं पुस्तक १८४१ साली निघालं, पण त्यात चित्रंच नव्हती. नुसतं वर्णन वाचून कोणतं शेवाळ कोणतं, हे ओळखणार कसं? अ‍ॅनाचा हात चित्रकलेत चांगला होता. तिच्या वडिलांनी लामार्कच्या शंखांवरच्या पुस्तकाचं भाषांतर केलं, तेव्हा त्यातली चित्रं तिने काढली होती. पण केसाएवढ्या बारीक तंतूंचं शेवाळ हाताने बिनचूक काढणं तिलाही जड जात होतं, आणि प्रस्तावनेत तिने तसं साफ लिहिलं आहे. हर्शेल घरोब्यातला माणूस. त्याची नवी पद्धत तिने लगेच उचलली.

दहा वर्षं लागली, १८५३ पर्यंत. एका पूर्ण प्रतीत चारशेच्या घरात पानं, आणि प्रत्येक प्रतीतलं प्रत्येक पान वेगळं उन्हात धरलेलं, वेगळं धुतलेलं. यंत्र नव्हतंच. एकच शेवाळ दहा-पंधरा वेळा नव्या कागदावर मांडायचं, तेही न तुटता. मी एकदा एकाच एकदांडीचे बारा ठसे काढायला बसले होते. सातव्याला फूल गळालं.

पुस्तकावर तिने नुसती ‘ए. ए.’ अशी अक्षरं टाकली होती. पुढे एका अभ्यासकाने त्याचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला. बाईचं नाव बाजूला पडायला एवढंसं पुरतं.

४. आमच्याकडे समुद्र नाही, तलावही एप्रिलमध्ये आटतो. मग आम्ही घ्यायचं काय?

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर जा. भंडारा-गोंदियाकडच्यांना मामा तलाव आहेत, म्हणजे जुने मालगुजारी तलाव. तिथली पाणवनस्पती ताटलीत तरंगवून कागदावर उचलली तर अ‍ॅटकिन्सच्या शेवाळाइतकीच बारीक उमटते. पण ज्यांच्या गावात नुसती पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन आहे त्यांनी रडू नये.

माझ्या अनुभवात सगळ्यात सुंदर ठसे देतात ती ही : एकदांडी, कारण तिचं फूल एका लांब देठावर एकटं उभं असतं आणि बियांना केसाळ तुरा असतो. आघाडा, त्याच्या काटेरी कणसासाठी. तरोटा (पश्चिमेकडे टाकळा म्हणतात), त्याच्या वाकड्या शेंगा आणि रात्री मिटणाऱ्या पानांसाठी. संध्याकाळी तोडलात तर मिटलेलाच ठसा येईल. बाभळीचा पाला. जवसाचं वाळलेलं झाड. हरळी, मुळांसकट. आणि रुईचं फळ फुटल्यावर उडणारी म्हातारी. ती कागदावर ठेवणं म्हणजे श्वास रोखून करायचं काम.

सागाचं पान वेगळं सांगते. पावसाळा सरता सरता सागावर एक अळी पडते. ती पानातला हिरवा गर खाते आणि शिरांची जाळी तेवढी ठेवते. वनखात्याच्या दृष्टीने तो रोग, जंगल जळाल्यासारखं तपकिरी दिसतं. ठशाच्या दृष्टीने ते तयार जाळीकाम आहे. खाली पडलेली पानं गोळा करा आणि वहीत दाबून ठेवा. वर्षभर पुरतात.

५. माझी माय निंदायला जाते. ती म्हणते, "जे उपटून फेकतो, त्याचा काय फोटो काढून राह्यली?" तिला काय सांगू?

हा प्रश्न मला दर वर्षी येतो, आणि त्याचं तोंडी उत्तर मला कधी पटवता आलेलं नाही. एक माणूस आणि एक प्रसंग सांगते.

माणूस म्हणजे कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२). जर्मनीतल्या हार्झ डोंगरातला. आधी लोखंडी कलाकामाच्या ओतशाळेत उमेदवारी केली, पुढे बर्लिनच्या कलाशाळेत तीस वर्षं शिकवलं. विद्यार्थ्यांना नक्षी काढायला नमुने हवेत म्हणून तो रस्त्याच्या कडेचं आणि रेल्वेच्या भरावावरचं रान गोळा करायचा, स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने कितीतरी पट मोठं करून त्याचे फोटो घ्यायचा. मागे साधा कोरा पुठ्ठा. कोंब, कळी, काटा, देठाचा पेर. भोपळ्याच्या वेलीचे ताणे त्याने असे टिपले आहेत, की लोहाराने वळवलेले वाटतात. आपल्याकडे कोहळ्याच्या वेलीला तेच ताणे आहेत, गोठ्याच्या कुडावर चढलेले. १९२८ साली ते फोटो पुस्तकात आले आणि साठी ओलांडलेला हा मास्तर एकदम नावारूपाला आला. तोवर त्याच्या लेखी ते शिकवण्याचं साधन होतं.

आता प्रसंग. आमच्या गावातल्या एका मावशींना मी आघाड्याचा ठसा दाखवला. त्यांनी कागद डोळ्याजवळ नेला, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा कोवळा आहे. पोळ्याच्या आधीचा. पोळ्यानंतर हा खाली वळते आणि लुगड्याले चिपकते." कणसातली बोंडं पिकताना खाली वळतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या ते पंचवीस वर्षं पाहत होत्या. तेव्हा मायला काही सांगू नका. ठसा तिच्या हातात द्या आणि ती काय म्हणते ते लिहून घ्या.

६. द्रावणाचं प्रमाण सांगा.

दोन रसायनं लागतात. शंभर मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं घ्या, तपकिरी नको), ही पहिली बाटली. दुसऱ्या शंभर मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, म्हणजे ते लालसर खडे. दोन्ही गडद रंगाच्या बाटल्यांत वेगवेगळ्या ठेवा. कागद फासायच्या वेळी समान भाग एकत्र करा, तेही लागेल तेवढंच. एकदा मिसळलं की ते टिकत नाही.

पहिल्या बाटलीवर पावसाळ्यात बुरशी येते. गाळून घेतलं तर चालतं. दुर्गंधी आली तर फेकून नवं करा.

७. नावात ‘सायनाइड’ आहे. शाळेत मुलांना द्यायचं कसं? मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं.

नाव भीतीदायक आहे खरं. फेरिसायनाइडमधला सायनाइड लोहाला घट्ट बांधलेला असतो, म्हणून हे रसायन त्या कुप्रसिद्ध विषासारखं वागत नाही. पण दोन गोष्टी कधीही करू नका : त्यात तीव्र आम्ल (संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्यातच आलं) मिसळू नका आणि ते विस्तवावर तापवू नका. दोन्हींत विषारी वायू सुटू शकतो.

बाकी साधी शिस्त. हातमोजे, जुने कपडे, स्वयंपाकाची भांडी वेगळी. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, सरबताची बाटली वापरू नका. द्रावण मोठ्यांनी कालवायचं आणि फासायचं, मुलांच्या हातात वाळलेला कागद द्यायचा. उरलेलं द्रावण विहिरीत, नाल्यात किंवा गोठ्याजवळ ओतायचं नाही. मुख्याध्यापक तरीही नाही म्हणाले तर त्यांचा मान राखा आणि प्रश्न १४ पाहा.

८. कागद कोणता? कापडावर येतो का?

चित्रकलेचा जाड कागद, पाण्यात पाच-दहा मिनिटं राहून न फाटणारा. गुळगुळीत, चकचकीत कागद नको, त्यावरून द्रावण ओघळतं. झेरॉक्सचा कागद धुताना लगदा होतो.

कापडावर छान येतो, पण कापड सुती हवं. वर्ध्यात खादी मिळते, तिच्यावर मी पडदेसुद्धा केले आहेत. नवं कापड आधी धुऊन त्यातली खळ काढून टाका, नाहीतर रंग वरवर बसतो आणि पहिल्याच पाण्यात जातो. आणि हे कापड पुढे कधीही धुण्याच्या पावडरीत घालू नका. का, ते प्रश्न १० मध्ये आहे.

९. उन्हात किती वेळ ठेवायचं? आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असतं, म्हणजे दोन मिनिटांत होत असेल?

उष्णतेचा इथे संबंध नाही. काम करतात ते उन्हातले अतिनील किरण. त्यांच्या जोरावर कागदावरलं लोह एका रूपातून दुसऱ्या रूपात जातं, आणि ते फेरिसायनाइडला भेटलं की पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होतो. चंद्रपूरचा पारा कितीही चढला तरी वेळ घड्याळावर ठरवू नका, रंगावर ठरवा. कागद आधी पिवळट-हिरवा, मग निळसर आणि शेवटी राखाडी, पितळी झाक मारणारा होतो. राखाडी झाला की उचला. उन्हाळ्यात दुपारी पाच ते दहा मिनिटं, हिवाळ्यात पंधरा-वीस, आभाळ असेल तर पाऊण तासही.

मे महिन्याचा खरा त्रास वेगळाच. द्रावण ब्रशखालीच वाळतं आणि कागदावर पट्टे पडतात. मी संध्याकाळी दिवेलागणीनंतर पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात कागद फासते आणि दुसऱ्या सकाळी वापरते.

१०. ठसा उन्हात मस्त येतो, पण पाण्यात घातला की निळा रंगच उडतो. आम्ही अकोट तालुक्यातले.

पाणी बदला. तुम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, भूजल खारं आणि बरेचदा अल्कधर्मी असतं. आणि या निळ्या रंगाचा शत्रू म्हणजे अल्क. सोडा, साबण, चुना, राख, बोअरचं असं पाणी, सगळे त्याला खातात. सुरुवातीला माझाही पहिला गठ्ठा असाच गेला होता : पाहुणी म्हणून एका गावी गेले, बोअरच्या पाण्यात वीस ठसे घातले आणि वीसच्या वीस पिवळट झाले. मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

उपाय साधा आहे. पहिल्या धुण्याच्या पाण्यात, एका बादलीला एका लिंबाचा रस किंवा चमचाभर व्हिनेगर घाला. एवढं सौम्य आम्ल चालतं. प्रश्न ७ मधला इशारा तीव्र आम्लाचा आहे. पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी मिळालं तर सोन्याहून पिवळं. पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवा, साधारण पाच-दहा मिनिटं. रंग लगेच फिका वाटला तरी घाबरू नका, वाळताना हवेने एक दिवसात गडद होतो.

यावरूनच कोणी विचारलं होतं, लोणारच्या सरोवरात धुतला तर? ते पाणी इतकं अल्कधर्मी आहे, की ठसा कोराच निघेल. शिवाय ते अभयारण्य आहे.

११. पानाच्या शिरा दिसत नाहीत, नुसता पांढरा आकार येतो.

पान जाड आहे. पळसाचं पिकलं पान, वडाचं, रुईचं, ही ऊन पार जाऊ देत नाहीत. ‘पळसाला पानं तीनच’ एवढं मात्र ठशात खणखणीत दिसतं. शिरा हव्या असतील तर चैत्रातली कोवळी पालवी घ्या, किंवा पिंपळाचं पान पाण्यात महिनाभर कुजवून त्याची जाळी करा, किंवा प्रश्न ४ मधला साग. पातळ पाकळ्यांतून ऊन झिरपतं आणि मधल्या निळ्या छटा मिळतात. ऊन थोडं जास्त वेळ दिलं तरी छटा उघडतात.

१२. कडा धूसर येतात.

पान कागदाला चिकटलेलं नाही. जुन्या फोटोफ्रेमची काच वर ठेवून चार चिमटे लावा, साधी काच पुरते. काच नीट दाबूनही कडा धूसरच आल्या तर पान ओलं होतं. वर्तमानपत्रात घालून पाट्याखाली दोन दिवस दाबा. पावसाळ्यात वर्तमानपत्र रोज बदलावं लागतं, नाहीतर पानच काळं पडतं.

१३. कपाशीचं बोंड, तुरीची शेंग, बोरं, असं जाड काही घेता येतं का?

येतं, पण काच लावता येत नाही, आणि ठसा वेगळा असतो. वस्तू जिथे कागदाला टेकते तिथे रेघ स्पष्ट, वर उचललेल्या भागाची सावली मऊ. फुटलेल्या बोंडाचा असा ठसा धुक्यातल्या चांदणीसारखा येतो. ऊन डोक्यावर असताना घ्या. सकाळी-संध्याकाळी घेतला तर सावली लांबते; कधी मुद्दाम तशीही घ्यावी. वारा असला तर विसरा.

शेंग उभी चिरून, दाणे आत ठेवून ठसा घेतला तर मुलांचा जीवशास्त्राचा धडाही होतो.

१४. रसायनाशिवाय काही पद्धत आहे का?

आहे, हळदीची. हर्शेलने १८४२ मध्येच फुला-पानांच्या रसांवर उन्हाचा परिणाम पाहिला होता, आणि मेरी सोमरव्हिल या विदुषीनेही असे प्रयोग केले. भाजीपाल्याचा, फुलांचा रंग उन्हात उडतो, एवढंच यामागचं तत्त्व. म्हणजे हा निळ्या ठशाच्या उलटा : ऊन लागेल तिथे फिका, पानाखाली गडद.

हळद सगळ्यात लवकर उडते. आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तीच वापरा असा माझा स्थानिक आग्रह, पण कोणतीही शुद्ध हळद चालते. स्पिरिटमध्ये कालवा, गाळा, कागदाला फासा, सावलीत वाळवा. वर पान आणि काच ठेवून कडक उन्हात काही तास, कधी दिवसभर. नंतर टाकणखाराच्या पातळ पाण्यातून काढलं की हळदीचा पिवळा लालसर-तपकिरी होतो आणि आकार उठून दिसतो. कुंकू करतानाची किमया हीच.

पण हा ठसा पक्का होत नाही, भिंतीवर लावला की उडत जातो. वहीत मिटून ठेवायचा आणि दाखवायला उघडायचा. मुलांना ही गोष्ट फार आवडते, का कोण जाणे.

१५. निळा नको, तपकिरी-काळा करता येतो का?

येतो. धुण्याचा सोडा अगदी चिमूटभर, तसराळंभर पाण्यात. ठसा त्यात घातला की निळा पिवळट होत जातो (प्रश्न १० मधला शत्रू इथे कामाला लावायचा). लगेच साध्या पाण्यातून काढून कडक, बिनदुधाच्या चहात तासभर बुडवा. चहातल्या टॅनिनने लोह काळपट होतं. हिरड्याचा किंवा बाभळीच्या सालीचा काढाही टॅनिनयुक्तच. जुनी शाई लोह आणि हिरड्याचीच असायची. कागदाचा पांढरा भागही थोडा चहाळतो, ते सोसावं लागतं.

१६. मला ठशांत रस नाही. मोबाईलवर ब्लॉसफेल्टसारखे फोटो घेता येतील का?

बऱ्याच अंशी. उत्तरेकडे तोंड असलेली ओसरी शोधा, जिथे थेट ऊन येत नाही. मागे पांढरा किंवा राखी पुठ्ठा. रोपाचा एकच भाग निवडा, बाकीची पानं कात्रीने काढून टाका. ब्लॉसफेल्टही छाटायचा, तो ‘नैसर्गिक’पणाच्या भानगडीत पडत नसे. मोबाईलला लावायचं भिंग मिळतं, ते घ्या. फोन विटेवर टेकवा. रंग काढून काळा-पांढरा करा. मग आघाड्याच्या काट्यात आणि देवळाच्या खांबावरच्या नक्षीत फरक करता येणार नाही.

शेतकऱ्यांनी चार्ल्स जोन्सही पाहावा. तो इंग्लंडमधला माळी होता. स्वतः पिकवलेल्या कोबी, शेंगा, कांद्यांचे त्याने राजेमहाराजांसारखे फोटो काढले आणि कोणाला सांगितलं नाही. तो वारल्यानंतर, १९८१ साली, लंडनच्या एका जुन्या बाजारात पेटीभर फोटो सापडले.

१७. ठशावर नाव कोणतं लिहायचं? आमच्याकडे एक म्हणतात, पुस्तकात दुसरंच असतं.

दोन्ही. गावातलं नाव आधी, मग शास्त्रीय नाव, मग जागा आणि तिथी-तारीख. गावाचं नाव महत्त्वाचं, कारण बारा कोसांवर भाषा बदलते तशी तणांची नावंही. शास्त्रीय नावाची खात्री नसेल तर जागा कोरी सोडा. चुकीचं नाव कोऱ्या जागेपेक्षा वाईट.

लिहिण्याची युक्ती अ‍ॅटकिन्सची : तिने नावं तेल लावून पारदर्शक केलेल्या कागदावर लिहिली आणि ती पट्टी ठशाबरोबरच उन्हात ठेवली. अक्षरं पांढरी उमटतात. आपण बटर पेपर आणि काळं मार्कर वापरू. तिच्या शेवाळांचे ठसे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. अक्षरांची मांडणी तिथे पाहून घ्या.

१८. जंगलातून काय तोडलेलं चालतं? आणि विषारी कोणतं?

ताडोबा, मेळघाट, नवेगाव अशा संरक्षित जंगलातून पानसुद्धा उचलू नका. तो कायद्याचा भाग आहे. बाहेर, गळून पडलेलं उचला. फांदी तोडायची नसेल तर कागद काळ्या पिशवीतून झाडाजवळ न्या, फांदी हलकेच वाकवून कागदावर चिमट्याने धरा, जागच्या जागी ठसा घ्या आणि फांदी सोडून द्या.

गाजर गवताचा ठसा अप्रतिम येतो, लेससारखा. पण अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते, म्हणून हातमोज्याशिवाय नको. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, धोतऱ्याची बोंडं मुलांच्या हाती नको. खाजकुयलीच्या शेंगेबद्दल सांगायची गरज नसावी, तरी एका बहाद्दराने ती दप्तरात आणली होती.

१९. भिंतीवर लावलेला ठसा वर्षभरात फिका झाला. गेला का?

बहुतेक नाही. उन्हात हा निळा हळूहळू फिकटतो, पण उतरवून काही दिवस अंधाऱ्या, हवेशीर कपाटात ठेवला तर पुष्कळसा परत येतो. चुन्याच्या भिंतीला थेट चिकटवला असेल तर मात्र गेला. कारण तेच, प्रश्न १०.

२०. तुम्हाला अजून न जमलेलं काय?

मोहाचं फूल. फाल्गुन-चैत्रात ते पहाटेच झाडाखाली पडतं, बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत वेचायला येतात. फूल मांसल, रसाने भरलेलं. दाबलं तर रस कागदभर पसरतो, न दाबलं तर नुसता गोल डाग येतो. वाळवलं तर मनुका. चार वर्षं प्रयत्न चालू आहे. मागच्या चैत्रात झाडाखालीच कागद मांडून बसले, काच न लावता. सात-आठ मिनिटांत मुंग्या आल्या आणि फुलावर चढल्या. धुतल्यावर पाहिलं, फुलाचा नेहमीसारखाच डाग. पण गोड रसात एक मुंगी चिकटून बसली होती, आणि तिचे सहाही पाय स्वच्छ पांढरे उमटले होते.